तारा कधी उतरवायच्या : तीन गिटारींच्या नोंदी

१२ जानेवारी

घरात तीन गिटारी वापरात आहेत. स्टीलच्या तारांची अकूस्टिक माझ्याकडे, नायलॉनच्या तारांची क्लासिकल ताईकडे आणि इलेक्ट्रिकवर भाचीचा ताबा. तिन्हींवरच्या तारा कधी चढवल्या ते कुणालाच आठवत नाही. एखादी तुटली की तेवढीच बदलायची, असा आजवरचा कारभार. मग नवी तार एकटीच खणखणते आणि बाकीच्या पाच किती बद्द झाल्यात ते तेव्हा ध्यानात येतं. दोन-चार दिवस गेले की तेही विसरायला होतं.

घोळ तिथेच आहे. तारा रोज थोड्या उतरतात आणि कान रोज थोडा सरावतो. त्यामुळे ‘आवाज ठीक वाटतोय’ ही वाजवणाऱ्याची साक्ष फारशी कामाची नाही. ‘दर तीन महिन्यांनी बदला’ हा सल्लाही तसाच. रोज दोन तास वाजवणाऱ्या, घामट हाताच्या माणसाच्या तारा काही आठवड्यांत संपतात. महिन्यातून एकदा पेटीबाहेर निघणाऱ्या गिटारीवर तोच संच वर्षभर चालतो. कॅलेंडरला यातलं काही ठाऊक नसतं.

म्हणून ही वही. प्रत्येक गिटारीसाठी तारांचा संच, चढवल्याची तारीख, साधारण किती वाजली याचा अंदाज आणि ध्वनिमुद्रण. मुद्रण त्याच खोलीत, फोन त्याच जागी, पिक (तारा छेडायची चपटी पट्टी) तेच. सहाही तारा एकेक करून मोकळ्या छेडायच्या, प्रत्येकीची आस पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मग एक ई मायनर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे ठरावीक स्वर. जुन्या तारांचं मुद्रण आज करून ठेवलं.

१४ जानेवारी

तपासणी अकूस्टिकपासून.

डोळ्यांना दिसलं ते असं : पहिल्या दोन साध्या तारांवर काळपट ठिपके, बोट सरकवलं की खरखर. गुंडाळीच्या, म्हणजे गाभ्याभोवती बारीक तार गुंडाळलेल्या चार तारा पहिल्या पाच फ्रेटांवर (गिटारीच्या मानेवरच्या आडव्या धातूपट्ट्यांवर) तपकिरी, साउंडहोलपाशी (पुढच्या फळीतल्या भोकापाशी) अजून जरा सोनेरी. पण वरून दिसतं ते अर्धंच, कारण तार झिजते खालून. नख उलटं करून तारेच्या पोटाखालून नटपासून (खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीपासून) पुढे सरकवलं, तर जवळजवळ प्रत्येक फ्रेटच्या जागी नख अडकतं. चौथ्या तारेला दुसऱ्या फ्रेटशी भिंग लावून पाहिलं. गोल वेढे तिथे चपटे होऊन आरशासारखे चकाकतायत, ते फक्त फ्रेटच्या माथ्याएवढ्या पट्ट्यात. त्याच्या दोन्ही बाजूंना वेढ्यांच्या फटींत राखाडी लुकण ठासून भरलंय : घाम, कातडीचं तेल आणि धातूचा कीस. नवी तार लखलखीत वाजते, कारण तिचे वेढे एकमेकांवर मोकळे हलतात. फटी अशा बुजल्या की वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे चढे बारीक स्वर, आधी मरतात.

यानंतर ट्यूनर, म्हणजे स्वर मोजायचं यंत्र. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक छेडायचा, मग तीच तार तिथेच दाबून छेडायची. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. सहावी मोकळी तार ८२.४ हर्ट्झला लावली तर दोन्ही वेळा १६४.८ यायला पाहिजे. इथे दाबलेला स्वर बारा-तेरा सेंट चढा येतोय, आणि अर्ध्या स्वराचे सेंट असतात १००. कणसूर म्हणावा इतका फरक. कॉर्ड खाली सुरात आणि वर चढल्यावर वाकडी, ही तक्रार इथूनच येते.

कारण सरळ आहे. फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन यांनी १७ व्या शतकात तारेचे नियम मांडले : कंपनसंख्या लांबी, ताण आणि दर एकक लांबीचं वस्तुमान यांवर ठरते. फ्रेट बसवताना धरलेला हिशेब, तार टोकापासून टोकापर्यंत सारखी आहे या गृहीतावर उभा असतो. डाव्या हाताखालचा भाग मळून जड झाला, की बाराव्या फ्रेटवर दाबताना तो जड भाग बाजूला पडतो, उरलेली तार तुलनेने हलकी ठरते आणि स्वर चढतो. झीज याच्या उलट दिशेला ओढते. त्यामुळे जुनी तार कुठे चढी तर कुठे उतरी. ट्यूनर समोर धरून कितीही खुंट्या पिळल्या तरी हे सुटणार नाही.

बाराव्या फ्रेटची चूक सॅडल (खालच्या टोकाशी तार जिच्यावर टेकते ती पट्टी) सरकल्यानेही येते. म्हणून हा आकडा एकट्याने तारांना दोषी ठरवत नाही. पण नखाची, डोळ्यांची आणि ट्यूनरची साक्ष एकाच बाजूला जात असेल तर थांबण्यात अर्थ नाही.

१५ जानेवारी

अकूस्टिकच्या तारा बदलल्या. संच हलका, ०.०१२ ते ०.०५३ इंचांचा, गुंडाळी फॉस्फर ब्राँझची. ८०/२० म्हणून मिळणारी तांबं-जस्ताची गुंडाळी सुरुवातीला जास्त चमकदार वाजते, पण लवकर काळवंडते. फॉस्फर ब्राँझ जरा भरीव आणि सावकाश उतरणारा.

सगळ्या तारा एकदम काढू नयेत, नेक (गिटारीची मान) वाकेल, असं वारंवार ऐकायला मिळतं. या संचाचा एकूण ताण सत्तर किलोच्या वर जातो हे खरं, पण तासाभरासाठी तो काढल्याने धडधाकट नेकला काही होत नाही. उलट फ्रेटबोर्ड पुसायला तीच एक संधी. ज्यांचा ब्रिज (तारांना खालच्या टोकाशी आधार देणारा भाग) चिकटवलेला नसतो आणि केवळ तारांच्या दाबावर उभा असतो, त्या आर्चटॉप गिटारींची गोष्ट वेगळी. तरंगत्या, म्हणजे स्प्रिंगांवर तोललेल्या ब्रिजच्या इलेक्ट्रिकचीही. तिथे एकेक तारच बदलावी. पूर्ण ताणातली तार पकडीने छाटणं मात्र कुठल्याच गिटारीवर नको : टोक सटकन उसळतं आणि तोंडासमोरच असतं. आधी खुंटी पिळून तार लोंबेपर्यंत सैल करायची, मग कापायची.

ब्रिज पिन, म्हणजे तारेचं टोक ब्रिजच्या भोकात अडकवून ठेवणारे खिळे, घट्ट बसले होते. पकडीने ओढले तर पिनचं डोकं तुटतं किंवा ब्रिजला चरा जातो. साउंडहोलमधून हात घालून पिन आतून वर ढकलला की सुटतो. तार वाइंडरच्या (खुंट्या भराभर फिरवायच्या हत्याराच्या) टोकाला पिन उचलायची खाच असते, तीही चालते.

फ्रेटबोर्ड रोझवूडचा. आधी कोरड्या कापडाने, मग फ्रेटच्या कडांशी जमलेला थर जुन्या टूथब्रशने, शेवटी फ्रेटबोर्डच्या तेलाचे दोन-तीन थेंब कापडावर घेऊन, आणि जास्तीचं लगेच पुसून. मेपलच्या पॉलिश केलेल्या फ्रेटबोर्डला तेल लागत नाही, ओलसर कापड पुरे. नटच्या खाचांत मऊ पेन्सिलचं टोक फिरवलं. पेन्सिलीतल्या ग्राफाइटच्या भुकटीने तार खाचेत अडकत नाही. सूर लावताना ‘टिंग’ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारत असेल तर तो अडकलेल्या तारेचा समजावा.

सगळ्यात जास्त वेळ घालवण्याजोगी जागा म्हणजे तारेच्या टोकाची मणी. ती पिनच्या बुडाखाली टेकून राहिली, तर सूर चढवताना पिन हळूहळू वर येतो, कधी उडतोही. मणी जायला हवी आतल्या लाकडी पट्टीला चिकटून, पिनच्या शेजारी. त्यासाठी तारेचं टोक मणीच्या वर किंचित वाकवायचं, भोकात सोडायचं, पिनची खाच नटच्या दिशेला ठेवून पिन अंगठ्याने दाबायचा आणि तार वर खेचायची. मणी आत टेकल्याचा हलका ठोका बोटाला लागतो. साउंडहोलमध्ये छोटा आरसा आणि फोनचा दिवा धरून पाहिलं : पाच मण्या पट्टीला टेकलेल्या, तिसरीची अर्धी पिनखाली. ती काढून परत बसवली.

खुंटीकडे सैलपणा किती ठेवायचा? तार ताणून धरायची आणि तिच्या खुंटीपासून दीड-दोन खुंट्यांच्या अंतराएवढी जास्त सोडायची. त्यातून जाड तारेला दोन-तीन आणि बारीक तारेला चार-पाच वेढे मिळतात. वेढे वरून खाली, एकावर एक न चढता. याहून कमी असले तर बारीक तार घसरते. फार झाले तर ते आवळत राहतात आणि सूर उतरत राहतो. ‘माझी गिटार सुरात राहत नाही’ म्हणून खुंट्या बदलायला निघालेल्यांनी आधी वेढे मोजावेत.

टोकं कापायची ती सूर लागल्यावर, आधी नाही. काही संचांच्या तारांचा गाभा षटकोनी असतो, काहींचा गोल. गोल गाभ्याची तार वाकवण्याआधी छाटली तर गुंडाळी सैल होऊन सुटते. संच कुठलाही असो, आधी वाकवा, मग कापा.

१६ जानेवारी

रात्रीत सगळ्या तारा पाव-अर्धा स्वर उतरल्या. अपेक्षितच. तार बोटांनी फ्रेटबोर्डपासून हलकेच वर ओढायची, नटपासून ब्रिजपर्यंत दोन-तीन जागी, मग सूर, मग परत ओढणं. ओढल्यावरही सूर हलेनासा झाला की झालं. उत्साहाच्या भरात पहिली तार जोरात ओढू नये.

नव्याचं मुद्रण केलं. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेचा फरक तेरावरून दोन सेंटांवर. सॅडलला हातही लावलेला नाही. म्हणजे दोष तारांचाच होता.

१९ जानेवारी

ताईची क्लासिकल. इथे गणितच वेगळं. पूर्वी या गिटारींना आतड्याच्या तारा असत. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कचे वाद्यकारागीर अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा आणल्या आणि स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या. पहिल्या तीन तारा नुसत्या नायलॉनच्या. खालच्या तीन म्हणजे नायलॉनच्या धाग्यांच्या जुडीवर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची गुंडाळी. संचाचा एकूण ताण स्टीलच्या जवळपास निम्मा, म्हणून आतला सांगाडाही हलका. या गिटारीवर स्टीलच्या तारा कधीच चढवू नयेत. ब्रिज उखडतो, नाहीतर वरची फळी फुगते.

नायलॉन गंजत नाही, त्यामुळे ताईचा दावा की तिच्या तारा छान आहेत. पहिल्या तीन खरोखरच बऱ्या, फक्त छेडणाऱ्या हाताखाली जरा खरबरीत. चौथी मात्र दुसऱ्या फ्रेटशी गुंडाळी फाटून आतले धागे दाखवतेय. क्लासिकलवर बहुधा हीच आधी जाते : तीन खर्ज तारांत तिचा गाभा सगळ्यात बारीक. बरेच वादक खालच्या तीन तारा दोनदा बदलतात तेव्हा वरच्या तीन एकदा. खर्जाच्या तारांचा अर्धा संच सुटा मिळतो तो यासाठीच.

ब्रिजला गाठ मारताना वरच्या तीन तारांना दोन-तीन वेटोळी, खालच्यांना एकच पुरतं. शेवटचं वेटोळं ब्रिजच्या मागच्या कडेखाली दाबलं गेलं पाहिजे. ते वरच राहिलं तर गुळगुळीत पहिली तार सटकते आणि तिचं टोक लाकडावर फटका मारून खळगा पाडतं. ताईच्या गिटारीवर असा एक जुना खळगा आहेच.

ताईने संध्याकाळी वाजवायला घेतली आणि दर दोन मिनिटांनी खुंट्या पिळत बसली. नायलॉन ताणलं जात राहतं, स्थिरावायला काही दिवस घेतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी क्लासिकलच्या तारा बदलू नयेत. निदान आठवडा आधी.

२६ जानेवारी

इलेक्ट्रिक. “मामा, या वेळी नऊचा संच लाव ना. बेंड करताना बोटं सोलतात.” बेंड म्हणजे तार बाजूला ओढून स्वर चढवणं, आणि नऊचा संच म्हणजे पहिली तार ०.००९ इंचांची. आतापर्यंत ०.०१० ते ०.०४६ होता. जाडी दहावरून नऊवर आली की स्वर तोच ठेवून ताण किती घटतो? वस्तुमान जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात जातं, म्हणजे ताणही. ८१ भागिले १०० : साध्या तारांवर १९ टक्के कमी. ऐकायला अर्धा केस, हाताला बराच फरक.

पण फुकट काही मिळत नाही. ताण घटला की नेकचा बाक कमी होतो, तारा फ्रेटच्या जवळ येतात, घरघर सुरू होते. ब्रिज तरंगता असेल तर मागच्या स्प्रिंगा त्याला खाली ओढतात. ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा बाक ठरवणारा गज) अगदी थोडा सैल केला, स्प्रिंगांचे स्क्रू सैल करून ब्रिज पूर्वीच्या उंचीवर आणला, मग प्रत्येक सॅडल पुढे-मागे करून बाराव्या फ्रेटचा स्वर जुळवला. संच तोच ठेवला असता तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. जाडी बदलायची असेल तर दुपार मोकळी ठेवावी.

गुंडाळी इथे निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलची. पिकअपला (तारेचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाला) चुंबकाकडे ओढला जाणारा धातू लागतो. ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही, म्हणून अकूस्टिकचा संच इलेक्ट्रिकवर लावला तर जाड तारा दबक्या आणि साध्या तारा मोठ्या ऐकू येतात. फ्रेट चकाकवायला स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप आधी चिकटपट्टीने झाका. त्याचा कीस चुंबकाला एकदा बसला की निघत नाही.

३ फेब्रुवारी

इलेक्ट्रिकची पहिली तार तुटली. भाची संचाला नावं ठेवतेय. तार कुठे तुटली ते आधी बघितलं : सॅडलवर. तुटण्याची जागा बरंच सांगते. सॅडलवर तुटली तर तिथे धातूची धार आली असावी. खुंटीशी तुटली तर खुंटीच्या भोकाची कड किंवा वाकवताना पडलेली तीक्ष्ण घडी. नटशी तुटली तर खाच अरुंद. मधेच, फ्रेटवर तुटली तर तार वयाने गेली. इथे सॅडलच्या खाचेत सुईने चाचपल्यावर बारीक कंगोरा लागला. अगदी बारीक सँडपेपरची घडी करून तो घासला, पेन्सिल फिरवली, नवी तार चढवली. हे न करता नुसती तार बदलली असती तर तीही तिथेच गेली असती.

१६ फेब्रुवारी

अकूस्टिकचं दुसरं मुद्रण. मला वाजवताना काहीच फरक वाटत नव्हता. १६ जानेवारीचं आणि आजचं पाठोपाठ लावलं तर फरक कुणालाही कळेल. सहाव्या तारेच्या सुरुवातीचा टणत्कार ओसरलाय, आस थोडी आखूड झालीय. फोनवरच्या स्पेक्ट्रम आलेखात ५,००० हर्ट्झच्या वरची शिखरं जवळपास गेलीत, खालची जशीच्या तशी. बाराव्या फ्रेटला तीन सेंट. म्हणजे आवाज उतरला, पण सूर शाबूत. इथे बदलायचं की नाही ही आवडीची गोष्ट. मला नव्या तारांची पहिल्या आठवड्यातली कर्कश चमक तशीही रुचत नाही. कुठे मुद्रणाला बसायचं असतं तर बदलल्या असत्या.

१५ मार्च

पुसण्याचा परिणाम बघतोय. वाजवून झालं की कोरडं सुती कापड तारेभोवती चिमटीत धरून, खालूनही, टोकापासून टोकापर्यंत ओढायचं. वाजवण्याआधी हात धुवायचे. यात मिनिटही जात नाही. ताई पुसते, भाची पुसत नाही. भाचीच्या पहिल्या दोन तारांवर ठिपके आलेच. तिच्या हाताला घामही जास्त येतो, त्यामुळे सगळा दोष कापडाच्या माथी मारता येणार नाही.

कुणीतरी तारा उकळण्याचा उपाय सुचवला. बेस गिटारवाले तो करतात, कारण त्यांचे संच महाग आणि तारा जाड. मळ सुटतो, चमक काही दिवस परत येते. पण चपटे झालेले वेढे उकळून गोल होत नाहीत. सहा तारांच्या गिटारीसाठी हा खटाटोप मी करणार नाही.

१२ एप्रिल

अकूस्टिक : नख दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटशी स्पष्ट अडकतंय, बाराव्या फ्रेटवर सहावी नऊ सेंट चढी, तिसरी सात. ई मायनर खाली सुरात लावली तरी सातव्या फ्रेटवरची कॉर्ड वाकडी. या वेळी वाट बघितली नाही. ठरवून टाकलंय : चमक गेली तर मर्जी, पण नख अडकून सूरही सुटायला लागला तर त्याच दिवशी तारा खाली.

आता लेपाच्या तारा चढवल्यात. गुंडाळीवर अतिपातळ पॉलिमरचा थर असतो, त्यामुळे मळ फटींत शिरत नाही. अशा तारा १९९७ मध्ये एलिक्सरने बाजारात आणल्यावर रुळल्या. बोट जरा जास्त घसरतं, सरकतानाची किरकिर कमी. सुरुवातीचा आवाज साध्या फॉस्फर ब्राँझपेक्षा किंचित झाकलेला वाटतो. लेप मळ अडवतो, झीज नाही. फ्रेटवर तो घासून निघाला की पांढुरके धागे लोंबायला लागतात, तेव्हा नखाची चाचणी इथेही लागू.

१० मे

लेपाच्या तारांचं मुद्रण आणि १६ फेब्रुवारीचं साध्या तारांचं, वापर साधारण सारखाच. लेपवाल्यांचा आलेख वरच्या भागात अजून भरलेला आहे, बाराव्या फ्रेटला दोन सेंट. माझ्या हातांना त्या मानवतायत. भाचीला बेंड करताना घसरतं म्हणून नको आहेत, तिचा नऊचा साधा संच परवा बदलायचा आहे.

तिन्ही पेट्यांत आता संचाच्या पाकिटाचा तुकडा चिकटवलाय, त्यावर जाडी आणि चढवल्याची तारीख. सोबत वाइंडर, कटर आणि एक सुटी तार : अकूस्टिकसाठी पहिली ०.०१२, इलेक्ट्रिकसाठी पहिली ०.००९, क्लासिकलसाठी चौथी. सुट्या तारा बंद पाकिटातच ठेवायच्या, दमट हवेत उघडी तार न वाजवताही गंजते.